कमांडर हस्तीमल यांचा परीक्षण अहवाल

वस्तू घरात आली की आधी तिच्यावर नाव घालावं, मगच ती वापरायला काढावी. संसाराचा हा पाया आहे. जगात आजवर जेवढ्या वाट्या हरवल्या त्यांतल्या नव्वद टक्के बिननावाच्या होत्या (उरलेल्या दहा टक्के नाव असूनही परत आल्या नाहीत, पण निदान कोणाच्या गेल्या हे तरी कळलं). धुळ्याच्या पाचव्या गल्लीत, जिथे एका घरी पाहुणे आले की सात घरची ताटं कामाला लागतात, हा नियम लहान मुलंही पाळतात. नवं ताट आधी भांड्यांच्या दुकानातल्या त्या टर्रर्र करणाऱ्या मशीनखाली जातं, काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटतं, आणि मग त्यात पहिली पोळी पडते.

दुसरा नियम तितकाच जुना. तपासल्याशिवाय माल घ्यायचा नाही. या नियमाचे गल्लीतले सर्वांत मोठे जाणकार म्हणजे हस्तीमलजी. मार्केट यार्डात त्यांची धान्याची आडत. पोत्यात खुपसून दाणे बाहेर काढायची टोकदार लोखंडी परखी त्यांनी पंचेचाळीस वर्षं चालवली आणि त्या अनुभवातून एक सिद्धांत मांडला: पोतं वर हसतं, मधे गप्प बसतं आणि तळाला रडतं. म्हणून परखी तीनदा मारायची. वर, मधे, तळाला. हा सिद्धांत त्यांनी गहू-ज्वारीपुरता ठेवला नाही. गालिचा, दातांचे डॉक्टर, सून, सगळं याच पद्धतीनं निवडलं गेलं (सुनेला पाहायला ते जळगावला तीनदा गेले होते: सकाळी, दुपारी आणि न कळवता), आणि त्यातलं काहीही आजवर परत करावं लागलेलं नाही.

त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, नात प्रेक्षा सहावी पास झाली म्हणून जळगावच्या प्रेमराज मामांनी एक गेम खेळायचं यंत्र आणि सोबत 'सायलेंट ऑर्बिट' नावाचा गेम पाठवला, तेव्हा काय होणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं. एकट्या प्रेक्षाला वाटलं की आता ती खेळणार. ती अकरा वर्षांची होती.

खोक्यावर एक चंदेरी झगा घातलेली मुलगी पडक्या मनोऱ्याच्या टोकावर पाठमोरी उभी होती. झगा घोट्यापर्यंत. हातात तिच्या उंचीची तलवार. मागे दोन चंद्र. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही भविष्यकाळातली मारधाडीची कथा असून नायिकेचं भवितव्य खेळणाऱ्याच्या हातात आहे.

ही ओळ प्रेक्षाची आई चेलना हिने वाचली आणि तिची झोप उडाली.

चेलना काळजी करते असं म्हणणं म्हणजे धुळ्यात मे महिन्यात ऊन पडतं असं म्हणणं. विधान खरं आहे, पण त्यातून तीव्रता कळत नाही. ती जळगावची एम.कॉम. तिच्याकडे दोनशे पानी वही होती, तीत डावीकडे काळजी आणि उजवीकडे उपाय, अशी मांडणी. प्रेक्षाचे डोळे, मान, पाठीचा कणा, चिडचिड, भूक, एकाग्रता, अति एकाग्रता, सगळ्यांना वेगळी पानं. त्यात शेजारच्या कुंदाबाईंनी (निवृत्त शिक्षिका, सध्या फॉरवर्डेड मेसेजच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या) कळवलं की गेम खेळणारी मुलं पापण्या मिटायला विसरतात. चेलनाने दोन दिवस जेवणाच्या वेळी मुलीच्या पापण्या मोजल्या. मिनिटाला सोळा. गेम अजून खोक्यात होता, त्यामुळे हा आकडा तिने 'पूर्वस्थिती' या मथळ्याखाली नोंदवला.

तिसऱ्या दिवशी समिती स्थापन झाली. अध्यक्ष हस्तीमलजी, म्हणजे प्रेक्षाचे आजोबा, तिचे 'दादा'. आचार-विचार आणि आहार विभाग तारादेवींकडे, म्हणजे त्यांच्या पत्नीकडे. तांत्रिक विभाग रोनककडे, म्हणजे चेलनाच्या नवऱ्याकडे, कारण घरातलं वायफाय त्याने एकदा बंद करून परत चालू केलं होतं आणि ते चाललं होतं. चिटणीस चेलना, अक्षर चांगलं म्हणून. कार्यकाल दहा दिवस ठरला. वेळ दुपारी दीड ते चार, कारण तेव्हा यार्डातला लिलाव आटोपलेला असतो आणि रस्त्यावर कुत्रंही नसतं. स्थळ मधली खोली, दार लावून. तपासणी पूर्ण होईपर्यंत ग्राहकाने मालाला हात लावायचा नाही, हा यार्डाचा नियम असल्यामुळे प्रेक्षाने दाराबाहेर बसायचं ठरलं.

प्रेक्षाने हे सगळं ऐकून घेतलं. तिने दाराच्या फटीतून एकच मागणी केली.

"नावाचं आलं की मला बोलवा. सुरुवातीला त्या मुलीला नाव द्यायचं असतं. मी ठरवून ठेवलंय."

चेलनाने ते वहीत 'अर्ज क्रमांक एक' म्हणून लिहून घेतलं. निर्णय अंतिम अहवालाच्या वेळी, असा शेराही मारला. काय नाव ठरवलंय हे विचारायला वहीत रकाना नव्हता.

वरची परखी मारायला रोनक बसला. यंत्र चालू झालं, दोन चंद्र उगवले, चंदेरी झग्याची मुलगी मनोऱ्यावर आली, आणि पडद्यावर इंग्रजीत मजकूर उमटला. चेलनाने तो मराठीत करून सांगितला: मला नाव द्या. हे नाव या यंत्रावर कायमचं राहील. पुन्हा बदलता येणार नाही.

समिती ताठ बसली. 'कायमचं' हा शब्द या घरात हलक्यात घेत नाहीत. दाराबाहेर बसलेल्या मुलीचा अर्ज या क्षणी कोणाला आठवला नाही असं नाही. चेलनाला आठवला होता. पण पडद्यावर चौकोन लुकलुकत होता, रोनकच्या अंगठ्याला घाम आला होता, आणि आपण वेळ लावला तर यंत्र बिघडेल असं तिला वाटलं. (यंत्र असल्या कारणानं बिघडत नाही. पण काळजी करणाऱ्या माणसाला यंत्राचीही काळजी वाटते.)

आता या घरात नावाचा रकाना दिसला की हात आपोआप चालतो. विजेचं मीटर हस्तीमलजींच्या नावावर. गॅस हस्तीमलजींच्या नावावर. नळ, स्कूटर, वायफाय, घरातले चारही मोबाइल, शाळेच्या बसचा फॉर्म, सगळं त्यांच्याच नावावर. यात त्यांचा काही हट्ट नव्हता. त्यांनी कधी मागितलंही नव्हतं. एका माणसाच्या नावावर असलं की कागद शोधताना गोंधळ होत नाही, एवढाच विचार. (कागद शोधण्याचं काम चेलनाकडे असल्यामुळे या सोयीचा खरा फायदा तिलाच होतो, असं सगळे म्हणत.)

रोनकने जास्त विचार केला नाही. एकेक अक्षर दाबत त्याने लिहिलं: हस्तीमल.

"वडलांचं नाव विचारत नाही?" हस्तीमलजींनी विचारलं.

"नाही बाबूजी."

"पत्ता?"

"नाही."

"कच्चा फॉर्म आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि चिटणिसांनी तशी नोंद घेतली.

मग वारा सुटला. मनोऱ्यावरची मुलगी वळली, तिचे रुपेरी केस उडाले, झगा फडफडला, आणि साऱ्या आकाशगंगेनं गंभीर आवाजात तिचं स्वागत केलं: कमांडर हस्तीमल, हे शहर आता तुमच्या हाती आहे.

तारादेवींनी सवयीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

इथून पुढे एक अडचण आली ती नोंदवणं भाग आहे. तारादेवींनी लग्नाला बावन्न वर्षं झाली तरी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नव्हतं. ते त्या आता एका यंत्रमुलीसाठी काढणार नव्हत्या. तेव्हा त्या तिलाही 'अहो' म्हणू लागल्या. "अहो, मागे बघा." "अहो, उडी मारू नका, गुडघे." चेलनानेही सासऱ्यांचं नाव अहवालात सरसकट लिहिणं बरं दिसत नाही म्हणून 'आदरणीय नायिका' असा शब्दप्रयोग योजला. आदरणीय नायिकेच्या बुटांची टाच अंदाजे साडेचार इंच असून ती दगडगोट्यांतून धावते, ही पहिली गंभीर त्रुटी नोंदली गेली. झगा मात्र एकमताने पास झाला. पूर्ण बाह्या, घोट्यापर्यंत, गळा बंद. हल्लीच्या मुलींनी शिकण्यासारखं आहे, असं आहार विभागाने आपल्या विभागाबाहेर जाऊन मत दिलं.

पहिल्या तासात आदरणीय नायिका एकेचाळीस वेळा मेली. त्यांतल्या तेहतीस वेळा समोर कोणी नव्हतं. रोनकने तिला मनोऱ्यावरून खाली चालवत नेलं. प्रत्येक वेळी पडद्यावर अक्षरं यायची: हस्तीमल यांचा अंत झाला. सातव्या वेळेपर्यंत हस्तीमलजींनी ते खेळीमेळीनं घेतलं. बाराव्या वेळी ते उठून पाणी प्यायले. एकेचाळिसाव्या वेळी तारादेवींनी मुलाच्या हातातून रिमोट काढून घेतला.

संध्याकाळी प्रेक्षाने विचारलं, "नाव आलं का?"

"आलं," चेलना म्हणाली. "टाकलं."

"काय टाकलं?"

"दादांचं."

प्रेक्षा माठाकडे गेली, पाणी प्यायली, आणि खोलीत जाऊन बसली. चेलनाने वहीत नोंदवलं: पाणी, एक ग्लास. चिडचिड नाही.

मधल्या परखीसाठी खेळणारा हात हवा होता. रोनक बाद झाला होता, हस्तीमलजींचा हात कापायचा, चेलनाला बटणं दाबताना ती काय मोडेल याची भीती. तेवढ्यात आडतीवरचा मापाडी रुपचंद किल्ल्या द्यायला आला. धरणगावकडचा माणूस, वय पन्नास, तीस वर्षं परखी मारलेली. पोत्याला भोक न पाडता नेमक्या ठिकाणी, नेमक्या जोरानं शिरायचं आणि लगेच बाहेर यायचं, हे त्याच्या मनगटाला ठाऊक होतं. हस्तीमलजींनी त्याच्या हातात रिमोट दिला. रुपचंदने तो उलटसुलट करून बघितला, पहिल्या राक्षसी यंत्राच्या कुशीत तलवार एकदा घातली, एकदा काढली. यंत्र कोसळलं. पडद्यावर सोनेरी अक्षरांत शैलीचे गुण आले: अत्युत्तम.

रुपचंदने समितीकडे बघितलं. "आत भुसा शे," तो म्हणाला.

त्या दिवसापासून लिलाव संपला की रुपचंद मधल्या खोलीत यायचा. पण खेळ सोपा होईना, कारण आता आचार-विचार विभाग कामाला लागला होता. तारादेवींनी एक साधा प्रश्न विचारला: ही जी यंत्रं मारायची, त्यांत जीव आहे का? हा प्रश्न गेम बनवणाऱ्यांनाही पडला असावा, कारण पुढे पुढे यंत्रं बोलायला लागली. त्यावर दोन दुपारी चर्चा होऊन शत्रूंचे तीन वर्ग पाडण्यात आले. पहिला वर्ग, नुसतं यंत्र: पिठाच्या गिरणीसारखं, बंद पाडायला हरकत नाही. दुसरा, डोळे असलेलं यंत्र: शंकेला जागा आहे, शक्यतो बाजूने जावं. तिसरा, पडताना 'आई' किंवा 'नको' म्हणणारं यंत्र: स्पर्श करू नये, आधी झाला असल्यास मनातल्या मनात क्षमा मागावी.

गेममध्ये पहिल्या वर्गाची यंत्रं एकूण अकरा होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची चौदाशे.

आहाराचंही तसंच. नायिकेची ताकद वाढायला वाटेत छावण्यांवर सूप मिळायचं. सूप बटाट्याचं. जैन घरात कंदमूळ बाद. रात्री मिळणारं अन्नही बाद, कारण सूर्यास्तानंतर जेवायचं नाही. आणि त्या ग्रहावर सूर्य दर वीस मिनिटांनी जेमतेम दीड मिनिट उगवायचा. याचा हिशोब चेलनाने मांडला तेव्हा आदरणीय नायिकेच्या वाट्याला तासाभरात जेवायला साडेचार मिनिटं येत होती, आणि त्यातही जवळ छावणी असली तर. तारादेवींना तिची फार दया यायची. "अहो, थोडं तरी घ्या," असं त्या म्हणायच्या, आणि रुपचंद तिला एका सफरचंदाच्या झाडाखाली नेऊन उभी करायचा.

एका दुपारी रुपचंद तिला अशीच झाडाखाली उभी करून थांबला. डांबरावर ऊन तडकत होतं, पंखा गरम हवा फिरवत होता. त्याने पडद्याकडे बघत विचारलं, "शेठ, हाई पोरले घर नही शे का?"

चेलनाने मागचे सगळे संवाद चाळून बघितले. नायिकेचं घर कुठे आहे, घरी कोण आहे, ती कोणासाठी लढते, याबद्दल माहिती नव्हती. ती शहर वाचवत होती, वस्त्या वसवत होती, पूल बांधून देत होती. प्रत्येक कामानंतर पडद्यावर कोणाचा तरी पुतळा उभा राहायचा आणि त्यावर लिहिलेलं असायचं: हस्तीमल यांच्या कृपेने. चेलनाने 'कौटुंबिक पार्श्वभूमी: अस्पष्ट' असं लिहिलं आणि पुढच्या पानावर गेली.

दहा दिवसांचे वीस झाले, विसांचे तीस. मेचा महिना असाच गेला. समितीला दोनदा मुदतवाढ द्यावी लागली (समितीनेच ती समितीला दिली). दाराबाहेर प्रेक्षा असायची. कधी चित्रं काढत, कधी फरशीवर पालथी पडून. तिला आतलं दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. एकदा रुपचंद तासभर एका कुलूपबंद दरवाजाशी अडकला तेव्हा बाहेरून आवाज आला, "घंटा तीनदा वाजवा, मग थांबा." दरवाजा उघडला. समितीनं हे कामकाजात नोंदवलं नाही, कारण बाहेरच्या व्यक्तीला मत नव्हतं.

चेलनाची नजर मात्र बाहेर होतीच. मुलगी बदलली होती. पूर्वी ती दिवसाला साधारण दोनशे वाक्यं बोलायची, आता अठरा. त्यातली सहा म्हणजे नुसतं 'नको'. गेमबद्दल तर तिने त्या पाण्याच्या ग्लासानंतर एकदाही विचारलं नव्हतं. पापण्या मिनिटाला सोळाच होत्या, भूक तशीच, मान सरळ. चेलनाने वहीतली सगळी पानं पुन्हा तपासली आणि कुंदाबाईंचा सल्ला घेतला. दोघींनी मिळून निष्कर्ष काढला की हा गेम इतका प्रभावी आहे की न खेळताही त्याचे दुष्परिणाम होतात. तपासणी आणखी कडक करावी, अशी शिफारस झाली.

तळाची परखी जूनच्या बाराव्या दिवशी लागली. आदरणीय नायिका, अकरा गिरण्या बंद पाडून, चौदाशे जीवांना वळसा घालून, अर्धपोटी, शेवटच्या मनोऱ्यावर पोचली. तिथे महायंत्र होतं. त्याला डोळे होते. त्यामुळे रुपचंदने तलवार म्यान केली आणि नायिकेला नुसतं उभं केलं. दहा मिनिटं ती उभी राहिली. महायंत्राने तिच्यावर जे काय फेकायचं ते फेकलं, ती बाजूला होत राहिली, तारादेवी नवकार मंत्र म्हणत राहिल्या. शेवटी महायंत्रच थकलं. त्याने विचारलं, तुम्ही माझ्यावर वार का करत नाही, हस्तीमल? आणि डोळे मिटून घेतले. दोन्ही चंद्रांवर फुलं उमलली.

पडद्यावर एक मानचिन्ह आलं. त्याखाली लिहिलं होतं की हा शेवट जगभरातल्या दर हजार खेळाडूंमागे एकालाही साधलेला नाही. यादीत सर्वांत वर नाव होतं: हस्तीमल. रोनकने त्याचा फोटो काढून मोठा छापून आणला, आणि तो आडतीवर गादीच्या मागे लागला. यार्डातले लोक विचारायचे, शेठ, हे कशाचं? हस्तीमलजी म्हणायचे, तपासणी करताना मिळालं.

अहवाल तेरा जूनला सादर झाला. पृष्ठं एकशे बारा. निष्कर्ष असा: माल वर चांगला, मधे चांगला, तळाला उत्तम. गेम हिंसक नाही (योग्य रीतीने खेळल्यास). वेशभूषा सभ्य. आहार अपुरा. टाच कमी करावी. एकूण अकरा वर्षांच्या मुलीस देण्यास सर्वथा योग्य. खाली चार सह्या आणि रुपचंदचा अंगठा. त्याला सही येत होती, पण खेळण्याचं काम अंगठ्यानं केलं म्हणून अंगठाच द्यायचा, असा त्याचा आग्रह.

चौदा जूनला दुपारी दीड वाजता दार उघडून प्रेक्षाला समारंभपूर्वक आत घेतलं. पंधराला शाळा सुरू होणार होती आणि शाळा सुरू झाली की दिवाळीपर्यंत पडदा बंद, हा घरचा जुना नियम. म्हणजे तिच्याकडे अडीच तास होते. हस्तीमलजींनी स्वतः रिमोट तिच्या हातात दिला.

"खेळ बेटा. बिनधास्त खेळ. तळापर्यंत बघितलंय."

शहर वाचलेलं होतं, पूल बांधलेले होते, फुलं उमललेली होती. प्रेक्षाने नायिकेला रिकाम्या रस्त्यांवरून चालवलं. ओळीनं पुतळे उभे होते. एका भिंतीशी ती थांबली.

"चला दादा, उडी मारा," ती पडद्याला म्हणाली. चंदेरी झगा फडफडला आणि हस्तीमल भिंतीपलीकडे गेले. खरे हस्तीमलजी खुर्चीत बसून समाधानानं हसत होते. प्रेक्षा चांगली खेळत होती. दादा डावीकडे, दादा वाका, दादा तुम्ही इथेच थांबा. वीस मिनिटांनी तिने रिमोट रुपचंदला दिला आणि म्हणाली, "काका, तुम्हीच खेळा. तुमच्या हाताला सवय आहे."

चेलना त्याच खोलीत खाली बसून रफ वही शिवत होती. जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडायची, एकत्र टाचायची, वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालायचं. दर वर्षी शाळेच्या आदल्या दिवशी हे काम असतंच. सहावीच्या भूगोलाच्या वहीची मागची पानं तिने फाडायला घेतली आणि शेवटच्या पानावर हात थांबला.

पानभर ती मुलगी होती. मनोरा, दोन चंद्र, झग्याला शाळेतल्या चमकीचा चंदेरी रंग. खाली नाव, सात प्रकारच्या अक्षरांत लिहून बघितलेलं, कुठलं चांगलं दिसतं ते ठरवायला. सातवं अक्षर पसंत पडलं असावं, कारण त्याभोवती चौकट होती.

चेलना. चेलना. चेलना. चेलना. चेलना. चेलना. चेलना.

चेलनाने वही मिटली, पुन्हा उघडली. मुलीला जवळ बोलावून अगदी हळू विचारलं, "माझं का गं?"

प्रेक्षाने खांदे उडवले. "तुझ्या नावावर काहीच नाहीये ना. मी सगळं बघितलं. मीटर बघितलं, गॅसचं पुस्तक बघितलं. तुझ्या माहेरच्या ताटांवर पण मामांचं नाव आहे." मग पडद्याकडे बोट दाखवून, "म्हटलं, हे नवीन आलंय तर हे तरी."

खोलीत पंखा फिरत होता. रुपचंदने नायिकेला सफरचंदाच्या झाडाखाली उभी केली आणि रिमोट मांडीवर ठेवला.

चिटणिसांनी पुरवणी अर्ज सादर केला: नाव बदलणेबाबत. हा अर्ज त्यांनी प्रथमच स्वतःच्या सहीने केला. समितीची तातडीची बैठक तिथेच झाली. तारादेवी म्हणाल्या, बरोबर आहे पोरीचं. रोनकने मान खाली घातली आणि बटणं दाबून बघितली. पडद्याने पुन्हा सांगितलं की नाव कायमचं आहे. हस्तीमलजींनी ते भूगोलाचं पान हातात घेऊन सातही नावं वाचली. त्यांच्या नातीने परखी मारली होती, ती त्यांनी कधी न मारलेल्या जागी. पण ते सचोटीचे व्यापारी होते. माल चुकला तर बदलून द्यायचा.

"दुसरं यंत्र मागवा," ते म्हणाले. "चेलनाच्या नावाने. आत्ताच्या आत्ता."

रोनकने फोनवर ऑर्डर भरली. गेम तोच, झगा तोच. नावाच्या रकान्यात त्याने या वेळी विचारून, एकेक अक्षर बघून लिहिलं: चेलना. प्रेक्षा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. चेलनाने स्वतः 'मागवा'चं बटण दाबलं. मग सगळे वाट बघत बसले, कारण आता खात्री करून घेणारा आकडा, म्हणजे ओटीपी, फोनवर येणार होता, आणि तो भरल्याशिवाय काही होत नाही.

चेलनाचा फोन गप्प होता. तिच्या हातातलं कार्ड तिच्या नवऱ्याच्या खात्याचं होतं, खातं त्याच्या वडलांसोबतचं होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर हस्तीमलजींच्या सदऱ्याचा खिसा थरथरला.

वाचकांनी इथे हसू नये. निदान घाईनं हसू नये. ज्या दिव्याखाली आपण हे वाचत आहात, त्याच्या विजेच्या बिलावर कोणाचं नाव आहे ते आधी उठून बघावं. वाचणारी बाई असेल तर तिने उठायची गरज नाही. तिला ते पाठ असतं. वाचणारा पुरुष असेल तर त्याने जरूर बघावं. मात्र बिलांची फाईल कोणत्या कपाटात, कितव्या खणात आहे, हे त्याला तिलाच विचारावं लागेल.